पहाटेआधीचा समुद्र

पौर्णिमेची रात्र आहे आणि तुम्ही बदलापुरात उल्हास नदीच्या काठी उभे आहात. चंद्र बारवी धरणाच्या बाजूने वर आला आहे. पाण्यावर उजेडाचा एक पट्टा पसरला आहे आणि तो थेट तुमच्या पायांशी येऊन थांबला आहे. चार पावलं डावीकडे सरका, पट्टा तुमच्याबरोबर सरकेल. शेजारी कुणी उभं असेल, तर त्याला हाच पट्टा त्याच्या पायांशी आलेला दिसेल. पाण्याची प्रत्येक लहान लाट एका विशिष्ट कोनात कलली की चंद्राला तुमच्याकडे परतवते. दुसऱ्या कोनातल्या लाटा तेच काम दुसऱ्या कुणासाठी करतात. म्हणजे चांदण्यातल्या पाण्याचं चित्र काढायला बसलेला माणूस एका जागेचाच असतो. जागा सोडली की चित्र बदललं.

राजमाचीच्या डोंगरात निघालेलं हे पाणी कल्याणला खाडी होतं आणि वसईपाशी अरबी समुद्राला मिळतं. आपण त्याला ओळखतो ते भीतीने. २०१९ च्या जुलैत याच नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि माणसांना बोटींतून काढावं लागलं होतं. तिकडे अंबरनाथ-उल्हासनगरची वालधुनी आपण नाकाने ओळखतो, रसायनांच्या वासावरून. पाण्याकडे नुसतं बघत उभं राहण्याची सवय या भागात मोडली आहे, आणि रात्रीच्या पाण्याकडे तर लोकलच्या दारातून ओझरतीच नजर जाते. आज मात्र घाई करू नका. उजेडाच्या पट्ट्यावरून नजर हलवू नका.

काठ हळूहळू लांब जातो. पलीकडची झाडं बुटकी होतात आणि मग दिसेनाशी होतात. वारा अंगावर येतो, थंड आणि खारट. पायाखालची माती सैल होते आणि तुमच्या चपलांत वाळू शिरते.

हे स्खेव्हेनिंगन. हॉलंडच्या हेग शहराला लागून असलेलं मच्छीमारांचं गाव, सप्टेंबर १८८१. अंगातला सुती सदरा इथे कामाचा नाही, हात काखेत धरूनच उभं राहावं लागेल. डांबराचा, ओल्या दोरखंडाचा आणि खारवलेल्या हेरिंग माशांचा वास येतो आहे. समोर वाळूवर नावांची रांग आहे, आणि या नावा पाहून तुम्ही थबकाल: रुंद, बोजड, तळाशी पार सपाट. गावाला बंदरच नाही. भरती-ओहोटीचा हिशेब करत, घोडे जुंपून, या नावा वाळूवर ओढून घेतात. इथले लोक त्यांना बोम म्हणतात. निमुळत्या तळाची नाव अशी वाळूवर बसवली असती तर ती कलंडलीच असती. पलीकडे वाळूची टेकाडं, गावाचं चर्च आणि १८७५ मध्ये उभारलेला दीपस्तंभ. अजून काही तासांनी पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका टोपल्या घेऊन मासळी विकायला हेगकडे निघतील. उत्तनच्या किंवा वसईच्या किनाऱ्यावर पहाट पाहिलेल्या माणसाला ही लगबग परकी वाटणार नाही.

पण चंद्र कुठे आहे? तो तुमच्या पाठीमागे आहे, टेकाडांवर, जमिनीच्या बाजूला. समुद्र नुसता काळा आहे. तुम्ही इतक्या लांब आलात ते चांदण्यातला समुद्र बघायला, आणि इथे तर काहीच नाही.

थांबा. हा किनारा वायव्येकडे तोंड करून आहे. पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी पूर्वेला उगवतो, म्हणजे इथे तो आधी शेतांवर, मग गावावर, मग टेकाडांवर येतो. समुद्रावर यायला त्याला मध्यरात्र उलटावी लागते. आपल्या कोकणाचंही तसंच आहे. आपला किनारा पश्चिमेचा, आपला पूर्ण चंद्र सह्याद्रीवरून येतो आणि पहाटेला समुद्रात उतरतो. पौर्णिमेच्या चांदण्याचा समुद्र ज्यांना खरोखर माहीत असतो ते कोळी असतात, किंवा मुद्दाम जागणारे. चौपाटीवरून रात्री नऊला घरी परतणाऱ्यांना तो दिसत नाही. चित्रांच्या पुस्तकांत मी हे कुठे लिहिलेलं पाहिलं नाही, पण मला वाटतं डच समुद्रचित्रांकडे बघताना आधी हीच गोष्ट ध्यानात घ्यावी. पूर्ण चंद्र समुद्रावर टेकलेला दिसला, की समजायचं, रंगवणारा माणूस रात्रभर झोपलेला नाही.

तो माणूस तिथे टेकाडावर आहे. दाढीवाला, पन्नाशीचा, कोटाच्या खिशात छोटी वही. हेन्ड्रिक विलेम मेसदाख. जन्म १८३१ चा, ख्रोनिंगन शहरातला. पस्तिशीपर्यंत याने घरच्या पेढीवर काम केलं, फावल्या वेळात चित्रं काढली. १८६६ मध्ये बायको सिन्ट्येला वडिलांचा वारसा मिळाला, तेव्हा त्याने पेढी सोडली आणि दोघं ब्रसेल्सला गेली, विलेम रोलोफ्स या चित्रकाराकडे शिकायला. चाळिशीकडे झुकलेला बँकवाला नव्याने रेघ ओढायला शिकतो आहे, ही गोष्ट मला फार प्रिय आहे. १८६८ च्या उन्हाळ्यात तो कुटुंबासह नॉर्डरनाय या जर्मन बेटावर गेला आणि तिथे समुद्राने त्याला धरलं. समुद्र रंगवायचा तर तो रोज दिसला पाहिजे, हे त्याला पटलं, आणि पुढच्याच वर्षी बिऱ्हाड हेगला हललं. स्खेव्हेनिंगनला समुद्राकडे खिडकी उघडणारी एक खोली त्याने भाड्याने घेतली. १८७० मध्ये पॅरिसच्या सलोनमध्ये त्याच्या उत्तर समुद्राच्या लाटांना सुवर्णपदक मिळालं. १८७१ मध्ये एकुलता एक मुलगा गेला. सिन्ट्येने जोमाने रंग हाती घेतले ते त्यानंतर.

तुम्ही आला आहात त्याच्या महिनाभर आधी, १८८१ च्या ऑगस्टमध्ये, हेगमध्ये त्याचं सर्वांत मोठं काम लोकांसाठी खुलं झालं आहे. गोल इमारतीत आतून गोलाकार लावलेला कॅनव्हास, उंची सुमारे १४ मीटर, परीघ सुमारे १२० मीटर. मधल्या चौथऱ्यावर उभं राहिलं की चारी बाजूंना हेच गाव, हाच किनारा, हाच समुद्र. सिन्ट्येने त्यात काम केलं, तेओफील द बोक या चित्रकाराने केलं, तरुण ब्राइटनरने वाळूवरची घोडेस्वारांची तुकडी रंगवली. चित्राची आखणी कशी केली ते ऐका. सेनपोस्ट नावाच्या टेकाडावर काचेचं एक नळकांडं ठेवलं, मेसदाख त्याच्या आत बसला आणि काचेतून जे दिसतं ते काचेवरच रेघांनी उतरवलं. मग ते मोठं करून कॅनव्हासवर नेलं. ते टेकाड पुढे सपाट होणार होतं. म्हणजे त्या चित्राने एक जागा जाता जाता वाचवली. हे सगळं आजही हेगमध्ये तसंच उभं आहे, कारण ज्या कंपनीने ते करवून घेतलं ती बुडाल्यावर मेसदाखने स्वतःच ते विकत घेतलं.

पण ते दिवसाचं चित्र आहे. दिवस मोजता येतो, काचेवर धरता येतो. रात्री त्या काचेच्या नळकांड्यात बसून काय करणार? स्वतः ओढलेली रेघ दिसायची नाही. चांदण्याचं चित्र काढायचं तर दुसरी विद्या लागते, आणि आज रात्री तुम्ही तीच बघणार आहात.

अडीच-तीन वाजतात. चंद्र दक्षिणेवरून ढळून तुमच्या डाव्या हाताला आला आहे. किनाऱ्याची रेघ ओलांडून तो पाण्यावर सरकतो आणि क्षितिजाशी एक पांढुरकी चीर पडते. ती रुंदावत, तुटत, पुन्हा जुळत तुमच्याकडे येते. लाट फुटताना तिचा माथा उजळतो आणि पोट काळंच राहतं. जवळ, ओल्या वाळूवर, तोच उजेड मंद होऊन पसरतो. बोमच्या डोलकाठ्या आता काळ्या दिसतात, कारण त्यांच्यामागे उजेड आहे.

आता स्वतःच्या हाताकडे बघा. बोटं दिसतात, नखं दिसतात, पण हाताला रंग नाही. समोरच्या कोळ्याच्या गळ्यातला रुमाल लाल असला तरी तो आत्ता काळा आहे. पूर्ण चंद्राचा उजेड सूर्याच्या उजेडापेक्षा सुमारे चार लाख पटीने कमी असतो. इतक्या उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी थकतात आणि फक्त उजेड-अंधार ओळखणाऱ्या पेशी जाग्या राहतात. त्या निळ्याहिरव्याला जास्त दाद देतात, लाल रंगाला जवळजवळ नाहीच. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवलं होतं. चंद्राचा उजेड हा सूर्याचाच परतलेला उजेड, किंचित तांबूसच. आपल्याला तो निळसर वाटतो, त्यात मोठा हात आपल्याच डोळ्याचा.

म्हणून मेसदाखच्या वहीकडे बघा. तिथे एकही रंग नाही. कोळशाच्या तीन छटा आहेत: सर्वांत काळं, मधलं, आणि जिथे कागद कोरा सोडला ते. तो फारसं काढतही नाही. बघतो, बराच वेळ बघतो, एखादी रेघ मारतो, पुन्हा बघतो. तो पाठ करतो आहे. तुम्ही त्याच्यापासून दहा पावलांवर आहात, तुमचा उजेडाचा पट्टा वेगळ्या लाटांवर आहे. त्याचा पट्टा तुम्हाला कधीच दिसणार नाही, फक्त त्याच्या कॅनव्हासवर दिसेल.

ही विद्या हॉलंडमध्ये जुनी होती. दोनशे वर्षांपूर्वी आम्स्टरडॅममध्ये आर्त फान दर नेर नावाचा चित्रकार चांदण्यातल्या नद्या रंगवायचा. पोटासाठी त्याने खानावळ काढली आणि १६६२ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत घरांतून अशा चित्रांना पुन्हा मागणी आली. पेत्रुस फान स्खेंडेलने रात्रीच्या बाजारात दिव्याचा पिवळा आणि चंद्राचा थंड उजेड समोरासमोर ठेवला. योंगकिंड पॅरिसला गेला, पण मायदेशातले कालवे चंद्रासकट रंगवत राहिला. मेसदाखनेही चांदण्यातल्या समुद्राकडे अनेकदा हात वळवला. त्या शतकातली सगळीच चांदण्याची चित्रं चांगली नाहीत, हे मी मोकळेपणाने म्हणेन. पुष्कळांत चंद्र म्हणजे चांदीची ताटली आणि पाणी म्हणजे निळं रेशीम, जणू रात्र कुणाच्या दिवाणखान्यासाठीच झाली आहे. मेसदाखचं पाणी जड आहे. त्यात बुडता येतं. ज्याच्या खिडकीखालून रोज माणसं त्या पाण्यात उतरतात आणि सगळी परत येतीलच याची खात्री नसते, त्याच्या हातून रेशीम येत नाही.

समोरच्या बोम पुन्हा एकदा नीट बघून घ्या. तुम्हाला पुढचं माहीत आहे, इथे कुणालाच नाही. १८९४ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, एक वादळ येईल आणि वाळूवर उभ्या असलेल्या या नावांची मोडतोड करून टाकेल. मग बंदराची मागणी जोर धरेल, १९०४ मध्ये बंदर होईल आणि सपाट तळाच्या नावेचं कामच संपेल.

सकाळी मेसदाख चित्रशाळेत जातो आणि तुम्ही मागोमाग जाता. पुढचं सगळं आठवणीतून. कथिलाच्या नळ्या उघडतात. रंग असे नळीत मिळू लागले ते १८४१ नंतर, त्याआधी डुकराच्या फुग्यात भरून ठेवायचे. कॅनव्हासवर आधी मातकट तपकिरी हात, थंड उजेडाखाली ऊब राहावी म्हणून. त्यावर हाडं जाळून केलेला काळा, त्यात थोडा प्रशियन निळा. नुसता काळा लावला तर रात्र भिंतीसारखी उभी राहते, तिच्यातून आत जाता येत नाही. उजेडासाठी शिशाचा सफेदा, त्यात पिवडीचा अगदी थोडा अंश, कारण निव्वळ पांढरा खडूसारखा दिसतो. क्षितिज खाली ठेवायचं, कॅनव्हासचा मोठा भाग आकाशाला द्यायचा. अंधार पातळ आणि उजेड जाड. लाटेच्या माथ्यावर रंग असा थापायचा, की त्याची स्वतःचीच सावली पडावी. चंद्राजवळचं आकाश आणि पाण्यातला पट्टा यांत कोण अधिक उजळ, हे ठरवायला त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. ते वहीत लिहिलेलं नसतं. ते रात्री पाठ केलेलं असावं लागतं.

आता आणखी मागे चला, १८६८ मध्ये. मेसदाख नॉर्डरनायला पहिल्यांदा समुद्र अभ्यासत होता तेच वर्ष. याच उन्हाळ्यात, १८ ऑगस्टला, चंद्राने आपल्याकडे सूर्य झाकला. खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणातून विजयदुर्गाजवळून पूर्वेला गेला आणि गुंटूरला बसलेल्या जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटाचे वेध घेतले. त्या दिवशीच्या वेधांतल्या एका पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचा शोध लागला.

पण तुम्हाला जायचं आहे अंबरनाथला. पावसाळा सरला आहे, थंडीची सुरुवात, पौर्णिमा. कल्याणहून इकडे येणारा लोहमार्ग १८५६ पासून आहे, पण गाव लहान आहे आणि रात्री शांतता आहे. शिवमंदिराच्या आवारात मात्र माणसं झोपली आहेत: मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी आणि साचे काढणारे कारागीर. शाळेचे प्रमुख टेरी साहेब यांच्या देखरेखीखाली, सरकारी हुकमाने, या देवळाची रेखाचित्रं आणि शिल्पांचे प्लास्टरचे साचे घेण्याचं काम चालू आहे. शाळा अवघी अकरा वर्षांची, देऊळ आठशे वर्षांचं. शके ९८२, शिलाहार मुम्मुणीच्या काळातला लेख त्यावर आहे.

एक विद्यार्थी जागा आहे. त्याला घेऊन गाभाऱ्यात उतरा, पायऱ्या खाली जातात. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे आणि वर आकाश उघडं आहे. या दिवसांतला पूर्ण चंद्र मध्यरात्री आपल्या अक्षांशावर जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणून आत्ता उजेड सरळ खाली उतरून पिंडीवर पडला आहे. मुलगा बघतच राहतो.

‘दिवसा इतका वेळ इथे असतो,’ तो म्हणतो, ‘पण हे पाहिलं नव्हतं.’

‘हे काढशील?’

‘साहेबांचा हुकूम नक्षीचा आहे. रेघ जशीच्या तशी आली पाहिजे.’

त्याच्या हातात काय आहे ते तुम्ही दिवसाउजेडी पाहिलेलं नाही, पण त्याच्या फळ्यावरची रेघ चंद्राच्या उजेडातही समजते. न थरथरणारी, न चुकणारी. चारच वर्षांनी, १८७२ पासून, याच शाळेचे विद्यार्थी ग्रिफिथ्स साहेबांबरोबर अजिंठ्याला जातील आणि वर्षानुवर्षं भित्तिचित्रांच्या नकला करतील. त्यातल्या कितीतरी पुढे लंडनच्या आगीत जळतील. ही कामं मोलाची होती. दगड झिजतो, रंग उडतो, नक्कल मागे राहते. पण मला नेहमी वाटतं, की या हातांना कुणी रात्री पाण्याकाठी उभं करायला हवं होतं. मेसदाखला खोली मिळाली, खिडकी मिळाली, बायकोचा वारसा मिळाला, वर्षं मिळाली. या मुलाला हुकूम मिळाला आणि मोजपट्टी मिळाली.

म्हणून तुम्ही त्याला कल्याणकडे चालवत नेता. कोळसा आणि फळा त्याने घेतला आहे. वालधुनीच्या काठाकाठाने वाट आहे. पाणी स्वच्छ आहे, तळाचे गोटे दिसतात, आणि याने तुम्हाला सर्वांत जास्त हलवलं तर नवल नाही. पुढे जिथे उल्हासनगर उभं राहील तिथे कापणी झालेली खाचरं आणि माळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या लष्करी छावण्या नाहीत, त्यांत येऊन राहणारे सिंधमधून निघालेले लोक अजून जन्मलेले नाहीत, १९४९ मध्ये पडणारं गावाचं नाव कुणाच्या मनातही नाही. मुलाला हे काही सांगू नका. त्याला फक्त वाट दाखवा.

कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली बंदर. मचवे आणि पडाव नांगरून पडले आहेत. कोकणातला कोळी भरतीची वेळ बोटांवर काढतो, तिथीची पाऊणपट: पौर्णिमेची पंधरा, म्हणजे सव्वा अकरा. आज रात्री इथे अरबी समुद्र स्वतः वर आला होता, खारं पाणी, वसईपासून चढत. तुम्ही पोचलात तेव्हा तीन वाजत आले आहेत, ओहोटी जोरात आहे, चंद्र पश्चिमेला कलला आहे आणि पट्टा खाडीच्या लांबीवरून येतो आहे.

‘रंग कोणता लावू?’ मुलगा विचारतो.

‘आत्ता लावूच नकोस. दिसतो तरी आहे का तुला?’

तो हात पुढे करून बघतो, मग मान हलवतो.

‘तीनच छटा. सर्वांत काळं कुठे आहे?’

तो आधी पलीकडच्या झाडांकडे बोट दाखवतो. मग थांबतो. बराच वेळ बघतो. ‘नाही. पट्ट्याला चिकटून, अगदी आपल्या पुढ्यात, ते पाणी जास्त काळं आहे.’

‘आणि सर्वांत उजळ?’

यावर तो बोलत नाही. चंद्राकडे बघतो, पाण्याकडे बघतो, पुन्हा चंद्राकडे. कोळसा कागदाला लावतो आणि उचलतो.

‘हे एका रात्रीत ठरत नाही,’ तो म्हणतो. ‘उद्या परत यायला हवं.’

‘उद्या भरती पाऊण तास उशिरा. जेवून लगेच निघू नकोस, थोडं झोपून नीघ. आणि सकाळी साहेब उठायच्या आत आठवणीतून एकदा काढून बघ.’